डावा गाल

१

डिझाईनच्या डिप्लोमाला पहिल्या वर्षी काय शिकवतात असं कोणी विचारलं, तर धम्मदीना सांगायची, होत्याचं नव्हतं करायला आणि नव्हत्याचं होतं. फेब्रुवारीपासून तिने क्राइस्टचर्चच्या आकाशातल्या ट्रॅमच्या तारा पुसल्या होत्या, एव्हन नदीतली चार बदकं नऊ केली होती आणि पप्पांच्या टकलावर दाट केस उगवून दाखवले होते. तो फोटो पप्पांनी ऑफिसात सगळ्यांना दाखवला. आई गेल्यानंतर ते पहिल्यांदा मोकळे हसले, ते त्या फोटोवर.

कोर्स संपला की बसने हॉर्नबीला घरी यायचं, घर गरम करायला हीट पंप लावायचा, कुकर चढवायचा आणि पप्पा येईपर्यंत खोलीत लॅपटॉप उघडून बसायचं, असा तिचा रोजचा क्रम होता. घर तीन खोल्यांचं, पण दोघांना फार मोठं वाटायचं.

जुलैत पिंपरीहून द्रौपदीआत्याचा फोन आला. आत्या म्हणजे पप्पांची थोरली बहीण, आणि थोरलेपण तिने कधी कोणाला विसरू दिलं नव्हतं. आईचा पहिला स्मृतिदिन ऑगस्टात होता.

"दीनू, तू ते फोटोचंच शिकतेयस ना? मग संघमित्राचा एक चांगला फोटो कर. इथे पण लावू, तिथे पण लावा."

"आईचा चांगला फोटो नाहीये आत्या."

"म्हणून तर करायला सांगतेय."

आत्याचं खोटं नव्हतं. आई सहा वर्षांची असताना उकळता चहा तिच्या अंगावर सांडला होता. डाव्या गालावर भाजल्याचा डाग राहिला तो राहिलाच. कॅमेरा दिसला की तिचा डावा हात आपोआप गालावर जायचा. "दाढ दुखतेय का गं?" असं पप्पा दर वेळी विचारायचे, आणि आई दर वेळी तोच हात त्यांच्या दंडावर मारून परत गालावर ठेवायची. लग्नापासून ते ती नर्स होती त्या म्हाताऱ्यांच्या रेस्ट होमच्या ग्रुप फोटोपर्यंत, एकही फोटो त्या हातावाचून नव्हता.

"हात काढून टाक," आत्या म्हणाली. "डाग पण घालव. जिवंतपणी नाही, निदान आता तरी तिला नीट दिसू दे. आणि जरा उजळ कर."

"रंगाला मी हात लावणार नाही, आत्या."

"बरं बाई, राहू दे रंग."

रंग वाचवण्याच्या नादात बाकी सगळं आपण कबूल करून बसलो, हे फोन ठेवल्यावर तिच्या लक्षात आलं.

२

तिने अकारोआचा फोटो निवडला. आई बोटीच्या कठड्याला टेकून हसत होती, केस वाऱ्यावर, हात गालावर.

फोटोतला हात पुसला की त्याच्याखालून गाल निघत नाही. तिथे काहीच नसतं. जे हवं ते आपणच बनवायचं असतं. धम्मदीनाला तो डाग बनवता आला असता. लहानपणी त्यावरून बोट फिरवत फिरवतच ती झोपायची. कानापाशी रुंद, मग जबड्याकडे अरुंद होत गेलेला, आणि शेवटी ओठाकडे वळलेलं एक बारीक शेपूट. डोळे मिटून तिने तो रेखाटला असता.

तिने तो रेखाटला नाही. आईचा उजवा गाल उचलला, उलटा केला आणि डावीकडे बसवला. नवशिक्यांची ही लाडकी युक्ती. कडा मऊ केल्या, सावली जुळवली, चाळीस मिनिटांत काम झालं. आई समोर बघून हसत होती, दोन्ही हात खाली. रंगाला आपण हात लावला नाही, एवढ्यावर तिने मनाची समजूत घातली.

चूक प्रिंट हातात आल्यावर दिसली. आईच्या उजव्या डोळ्याखाली एक तीळ होता. गाल उलटा करताना तोही सोबत आला होता. आता दोन्ही डोळ्यांखाली एकेक तीळ, मापून ठेवल्यासारखा. शिकवणाऱ्या बाईंनी पाहिलं असतं तर दोन मार्क कापले असते.

पप्पांनी फ्रेम हॉलमध्ये बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंच्या खाली टांगली आणि बराच वेळ बघत राहिले.

"मस्त आलीय," ते म्हणाले.

"काही वेगळं वाटत नाही ना, पप्पा?"

"नाही गं. अशीच तर होती."

ते बरं वाटावं म्हणून बोलले, असं तिने धरलं. तीळ पुढच्या वेळी काढू, असंही ठरवलं.

३

फ्रिजवर सम्नर बीचचा एक जुना फोटो चुंबकाने लावलेला होता. छोटी धम्मदीना पोहायच्या कपड्यांत, टॉग्जमध्ये, वाळूत बसलेली. मागे आई, हात गालावर. रोज दूध काढताना तो फोटो समोर यायचा, म्हणून रोज कोणी तो बघत नसे.

गुरुवारी सकाळी तिने दूध काढलं आणि दार उघडं ठेवूनच थबकली. आईचा हात हनुवटीवर होता.

हनुवटीवरच असेल पहिल्यापासून, तिने स्वतःला सांगितलं. माणूस रोजचं बघतो म्हणजे खरंच बघतो थोडंच. तिने चहा केला, बस पकडली आणि दिवसभर त्या फोटोचा विचार केला नाही, असं दिवसभर स्वतःला बजावत राहिली.

शनिवारी हात आणखी खाली होता. दोन बोटांत जँडल्स, तिच्या रबरी चपला, लोंबत होत्या. डावा गाल उघडा, उन्हात, गुळगुळीत.

तिने फोटो काढून खिडकीपाशी नेला. हा फोटो दुकानातून छापून आणलेला, बारा वर्षांपूर्वीचा, कोपरे पिवळे पडलेले. ना तिच्या लॅपटॉपवर, ना फोनवर. हल्लीचे फोन आपोआप चेहरे गुळगुळीत करतात हे तिला माहीत होतं, पण कागद करत नाही. मग तिने डोळ्याजवळ नेऊन पाहिलं. आईच्या डाव्या डोळ्याखाली तीळ होता.

तो तीळ जगात कुठेच नव्हता. तो तिच्या चुकीतून जन्मला होता. परक्याच्या वहीत आपलंच अक्षर दिसावं, तसं तिला झालं. तिने फोटो परत चुंबकाखाली ठेवला, पाठमोरा.

४

लग्नाचा अल्बम पप्पांच्या कपाटात होता. पिंपरीच्या विहारात झालेलं लग्न. आई पांढऱ्या साडीत, पदर डाव्या गालावरून ओढून हाताने धरलेला. तसा तो असायला हवा होता.

पहिल्या पानावर पदर खांद्यावर होता. दुसऱ्या पानावरही. हार घालताना, वंदना म्हणताना, जेवणाच्या पंगतीत, सगळीकडे आई सरळ कॅमेऱ्यात बघत होती. दोन डोळे, दोन तीळ. शेवटच्या पानावर मात्र हात अजून गालावर होता, पण बोटं जरा सुटलेली, उठण्याच्या बेतात असल्यासारखी. धम्मदीनाने तो अल्बम मांडीवर ठेवून तासभर त्या बोटांवर नजर खिळवली. नजर आहे तोवर काही हललं नाही. पॅसेजमध्ये जँडल्सचा चपट चपट आवाज आला तेव्हा तिने मान वळवली. आई घरात जँडल्सच घालायची. पॅसेजमध्ये कोणी नव्हतं. हीट पंपचं झाकण वाजतं कधीकधी, तिने मनाशी म्हटलं आणि अल्बमकडे पाहिलं. तेवढ्यात शेवटच्या पानाचंही काम झालं होतं.

तिने आत्याला फोन लावला. तिकडे सकाळचे सात वाजले होते.

"आत्या, आईच्या गालावरचा डाग कुठल्या बाजूला होता?"

"कसला डाग?"

"चहाने भाजल्याचा. तूच म्हणालीस ना, फोटोतून घालव म्हणून."

"मी? अगं, तिचा चेहरा आरशासारखा साफ. मी काय घालवायला सांगू? बरी आहेस ना तू? जेवतेस ना वेळेवर?"

धम्मदीना म्हणाली की जेवते.

५

त्या संध्याकाळी तिने हॉलमधली फ्रेम उतरवली, प्रिंट फाडली, लॅपटॉपवरची फाईल पुसली आणि केराची टोपलीही रिकामी केली. फ्रिजवरच्या फोटोला त्याचं काहीच नव्हतं. तिने तो उलटून पाहिला, तर आई हसत होती.

"फोटो का काढलास गं?" पप्पांनी आल्या आल्या विचारलं. बांधकामाच्या साईटवरून आलेले, बुटांना चिखल.

"त्यात तीळ जास्त झाला होता."

"आईला दोन तीळ होतेच की."

"पप्पा, तुम्ही तिला काय म्हणायचात? फोटो काढताना?"

"काय म्हणायचो?"

"दाढ दुखतेय का."

ते विचारात पडले. प्रामाणिकपणे आठवत होते, कपाळाला आठ्या घालून, आणि ते बघवत नव्हतं. "कधी दुखली होती तिची दाढ? मला नाही आठवत. तिने मला सांगितलं नसेल." मग त्यांचा चेहरा पडला. "बरंच काही सांगायची नाही ती."

धम्मदीना खोलीत गेली आणि दार लावून रडली. सव्वीस वर्षं ज्या गालाशेजारी हा माणूस झोपला, तो गाल तिने चाळीस मिनिटांत त्याच्यापासून काढून घेतला होता. आणि हे काही तिचं पहिलंच काम नव्हतं. तेरा वर्षांची असताना शाळेच्या बक्षीस समारंभाचा फोटो तिने मैत्रिणींना पाठवला, तेव्हा आईला त्यातून कापून टाकलं होतं. कडेला तिचा कोपर तेवढा उरला होता. आईने तो फोटो पाहिला आणि म्हणाली, "छान आलाय." त्या दिवसापासून घरातले फोटो आईच काढू लागली. नेहमीच काढायची ती, असं सगळे समजत. कधीपासून, ते फक्त दोघींना माहीत होतं. त्यातली एक आता नव्हती.

म्हणजे तो डाग आता एकाच ठिकाणी उरला होता, धम्मदीनाच्या बोटात. तिने वही काढली आणि पेन्सिलीने तो काढला. कानापाशी रुंद, जबड्याकडे अरुंद, ओठाकडे शेपूट. खाली तारीख घातली. कुठे काही झालंच तर कागदावर तरी राहील.

दुसऱ्या दिवशी वहीत शेपूट नव्हतं. तिने परत काढलं. तिसऱ्या दिवशी ते कुठल्या बाजूला वळायचं यावर ती पाच मिनिटं अडली. कोर्सला जाणं तिने बंद केलं. शिकवणाऱ्या बाईंचा मेसेज आला, सगळं ठीक ना, हवा तेवढा वेळ घे. तिने 'स्वीट अ‍ॅज', म्हणजे सगळं मस्त, असं उत्तर पाठवलं आणि पुन्हा पेन्सिल उचलली. रोज उठल्याबरोबर काढायचं, दात घासायच्या आधी. आठवडाभर तिने ते धरून ठेवलं, कोणी पाण्यात बुडणाऱ्याचं मनगट धरावं तसं.

६

स्मृतिदिनाच्या आदल्या दिवशी पप्पा पाहुण्यांसाठी सामान आणायला गेले होते. दुपारचे तीन वाजलेले, खिडकीतून ऑगस्टचं तिरपं ऊन टेबलावर आलेलं. धम्मदीना काढत बसली होती. कानापाशी रुंद भाग जमला होता. तो खराच होता, बोट सांगत होतं. आता जबड्याकडे यायचं होतं.

पॅसेजमध्ये जँडल्स वाजल्या. चपट, चपट. या वेळी तिने मान वर केली नाही. हीट पंप बंद होता, हे तिला माहीत होतं.

आवाज दारापाशी थांबला. मग खोलीत आला. मग तिच्या खुर्चीमागे. नारळाच्या तेलाचा आणि रेस्ट होममधल्या त्या हात धुवायच्या औषधाचा वास आला, आणि भीतीच्याही आधी तिला बरं वाटलं.

समोर लॅपटॉपचा पडदा मघाशीच काळा झाला होता. त्यात तिचा स्वतःचा चेहरा दिसत होता, आणि त्याच्या वर, जरा मागे, दुसरा. काळ्या काचेत डावं-उजवं उलटं होतं, पण या चेहऱ्यात उलटं व्हायला काही नव्हतंच. दोन्ही बाजू एकसारख्या. घडी घालून कापलेल्या कागदासारखा चेहरा, दोन तीळ, आणि दोन्ही हात खाली सोडलेले.

ही आई नाही, असं तिच्या मनात स्पष्ट आलं. हे मी केलेलं आहे.

मग तो चेहरा जरासा पुढे वाकला, आणि त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मात्र धम्मदीनाने केलेलं नव्हतं. तेवढी हुशारी तिला कुठून यायची. एकोणीस वर्षांत तिने आईला एवढं आशेने कोणाकडे बघताना पाहिलं नव्हतं. नवी साडी नेसून दारात उभ्या राहिलेल्या बाईसारखी ती उभी होती, कोणीतरी काहीतरी म्हणेल म्हणून.

"आता बरी दिसते ना गं मी?"

आवाज आईचाच होता, थोडा बसका.

धम्मदीनाच्या हातात पेन्सिल होती. नाही म्हणायचं, एवढंच. नाही आई, तू आधी होतीस तीच बरी होतीस. ते खरं होतं. ते बोललं असतं तर बोटातला डाग राहिला असता, आईचा खरा गाल जगात एका माणसापाशी तरी राहिला असता, याबद्दल तिला तिळमात्र शंका नव्हती. आणि ते बोललं असतं तर समोरचा चेहरा कसा होईल, तेही तिला माहीत होतं. तो तिने एकदा पाहिला होता, कापलेल्या फोटोवर वाकलेला.

काचेतली आई वाट बघत होती. तिला घाई नव्हती.

"हो आई," धम्मदीना म्हणाली. "खूप छान दिसतेस."

आई हसली. आवाज करून, दात दाखवून, तोंडापुढे काही न धरता हसली. धम्मदीनाच्या केसांना कशाचा तरी स्पर्श झाला. मग तिचा कोपर कशाला तरी लागला, पडदा उजळला आणि काचेत फक्त डेस्कटॉप उरला. तिने मागे वळून पाहिलं. दार उघडं होतं, पॅसेजमध्ये ऊन होतं.

आपण रडतोय हे तिला गाल ओले लागले तेव्हा समजलं. टेबलावरच्या कागदावर पेन्सिलीच्या काही रेघा होत्या, एका बाजूला जाड, पुढे काही नाही. एखाद्या नकाशाची सुरुवात असावी. कोर्समध्ये नकाशे कधी दिले होते ते तिला आठवेना. तिने कागद चुरगळून रिसायकलिंगच्या डब्यात टाकला आणि तोंड धुवायला गेली.

७

स्मृतिदिनाला पंधरा-वीस माणसं आली. हॉलमध्ये चादरी अंथरल्या होत्या. बुद्ध आणि बाबासाहेबांच्या फोटोंखाली आईचा फोटो होता. अल्बममधला एक चांगला निवडून पप्पांनी मोठा करून आणला होता. निवडायला जड गेलं, म्हणाले, सगळेच चांगले. मेणबत्ती लावली, त्रिशरण-पंचशील झालं. फोनवरून आत्या पिंपरीहून सामील झाली आणि मध्येच रडायला लागली.

मग दोन शब्द बोलायची वेळ आली. आईसोबत काम करणाऱ्या संपदाकाकू बोलल्या. रेस्ट होममधली म्हातारी माणसं अजून "संघा कुठे आहे?" विचारतात, असं त्या म्हणाल्या. पप्पा उठले, पण दोन वाक्यांवर थांबले. बायकोला नेहमी काहीतरी विचारायचो ते आठवत नाहीये, असं काहीसं पुटपुटले आणि खाली बसले. लोकांना वाटलं, दुःखाने गोंधळलेत.

धम्मदीनाने बोलायचं आधीच तयार केलं होतं. ती फोटोशेजारी उभी राहिली. आईचा चेहरा तिला नीट आठवत होता, अगदी फोटोतल्यासारखा. तरी उजव्या हाताचं बोट मघापासून काचेवरून, आईच्या गालावरून फिरत होतं, कानाकडून खाली, आणि जबड्यापाशी येऊन अडत होतं. असं का करतोय आपण, म्हणून तिने हात मागे घेतला.

"आईबद्दल सांगायचं तर हीप्स आहे, खूप आहे," ती म्हणाली, "पण एकच सांगते. आईला स्वतःचे फोटो काढून घ्यायची फार हौस होती. कॅमेरा दिसला की ती सगळ्यांच्या पुढे."

लोक हसले, ओल्या डोळ्यांनी मान हलवली. सगळ्यांना तसंच आठवत होतं.